गाय किती दिवस आटवायची आणि पुढच्या वेताला किती दूध मिळेल, याचा अंदाज वहीवरून कसा काढायचा

गाभण गाय सातव्या महिन्यात आली की गोठ्यात एकच प्रश्न सुरू होतो. अजून चांगलं १२-१४ किलो देतेय, मग आटवायची (म्हणजे विण्याआधी धार बंद करायची) कशाला? अजून महिनाभर काढूया ना दूध! आणि दुसरा म्हणतो नको, ६० दिवस द्यायलाच पाहिजेत नाहीतर पुढचं वेत (व्याल्यानंतरचा दुधाचा काळ) खराब होईल. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं पण दोघांकडेही आकडा नसतो. हा लेख त्या आकड्यासाठीच लिहितोय. वही, पेन आणि मोबाईलवरचं कॅल्क्युलेटर एवढ्यावर होतं, एक्सेल येत असेल तर अजूनच सोपं.

आधीच सांगतो, अंदाज म्हणजे भविष्य नव्हे. एकेका गायीच्या बाबतीत तो दहा टक्के इकडेतिकडे सहज जातो. पण ६० दिवसांऐवजी ३५ दिवस आटवली तर फायदा की तोटा, एवढं ठरवायला तो पुरेसा पडतो, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

आधी कासेत काय होतं ते

भाकड काळ, म्हणजे धार बंद केल्यापासून विण्यापर्यंतचे दिवस, ही गायीला सुट्टी असं बरेच जण समजतात, म्हणजे शरीर थकलंय म्हणून आराम. तसं नाहीये. चांगला खुराक देऊन शरीर भरता येतं, पण कासेतल्या दूध तयार करणाऱ्या पेशी जुन्या झालेल्या असतात आणि त्या बदलायला वेळ लागतो. धार बंद केली की कासेत दूध साठतं, दाब वाढतो, जुन्या पेशी मोडायला लागतात, आणि गाय गाभण असल्यामुळे त्याच वेळी नव्या पेशीही तयार होत असतात. ही उलाढाल व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत चीक तयार व्हायला लागतो आणि कास पुन्हा भरायला लागते.

म्हणजे ६० दिवस हा काही दगडावरचा नियम नाही, पण २०-२५ दिवसांच्या खाली गेलात तर पेशी बदलायचं काम अर्धवट राहतं आणि नुकसान एकदम वाढतं. ४५ ते ६० च्या मध्ये फरक अगदी कमी. ७०-८० च्या वर गेलात तर जास्तीचं दूध काही मिळत नाही, उलट गाय लठ्ठ होते आणि व्याल्यावर खाणं कमी, किटोसिस (अंगात ऊर्जा कमी पडून होणारा आजार), लिव्हरवर चरबी ही सगळी भानगड मागे लागते. दिवस आणि दूध यांचं नातं सरळ रेषेत नाही, आधी झपाट्याने चढणारं आणि मग सपाट होणारं आहे, हे डोक्यात ठेवा कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

पायरी १: दिवस मोजताना दोन आकडे लिहा

इथे सगळ्यात जास्त गफलत होते म्हणून थोडं थांबूया. भाकड दिवस दोन प्रकारचे असतात. एक ठरवलेले, म्हणजे रेतनाच्या तारखेवरून तुम्ही विण्याची तारीख काढली आणि त्याच्या ६० दिवस आधी धार बंद केली. दुसरे भरलेले, म्हणजे धार बंद केल्यापासून गाय खरोखर व्याली तोपर्यंतचे. हे दोन आकडे क्वचितच सारखे येतात. होल्स्टीन (काळी-पांढरी विदेशी दुभती जात) गायीचा गाभणकाळ सरासरी २८० दिवसांच्या आसपास पण चार-पाच दिवस पुढेमागे अगदी नेहमीचं, जुळी असतील तर आठ-दहा दिवस आधी, आणि कडक उन्हाळ्यात भाकड असलेली गायही काही दिवस आधीच व्यायते.

त्याशिवाय रेतनाची तारीखच चुकीची लिहिलेली असते. माझ्या वहीत एक गाय आहे, तिचं पहिलं रेतन लिहिलं होतं, तिने माज परत दाखवला म्हणून २१ दिवसांनी दुसरं केलं तेही लिहिलं, आणि मी दुसऱ्या तारखेवरून ६० दिवस मोजून धार बंद केली. प्रत्यक्षात ती पहिल्यालाच गाभण होती. धार बंद केल्यावर ३८ व्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर वासरू उभं! त्या वेताला दूध कमी आलं आणि मी वर्षभर खुराकाला दोष देत बसलो. गाभणतपासणीला डॉक्टर किती महिन्यांची सांगतात ते तारखेशी ताडून बघा, जुळलं नाही तर तिथेच विचारा.

अंदाज काढताना ठरवलेले दिवस वापरायचे (कारण निर्णय घेताना तेवढेच हातात असतात), आणि नंतर अंदाज का चुकला ते तपासताना भरलेले दिवस बघायचे.

पायरी २: वहीत काय काय हवं

एका गायीच्या एका वेताला एक ओळ. टॅग नंबर, कितवं वेत, व्याल्याची तारीख, महिन्यातून एकदा मोजलेलं दिवसभराचं दूध, रेतनाची तारीख, धार बंद केल्याची तारीख, त्या दिवशीचं दूध, पुढच्या विण्याची खरी तारीख, आणि एक शेरा. शेऱ्यात जुळी, गाभ टाकला, वार अडकली, कासदाह, दुग्धज्वर, लंगडत होती, असलं काहीही. हा शेऱ्याचा कॉलम लोक रिकामा ठेवतात आणि नेमका तोच पुढे सगळ्यात कामाला येतो.

दूध शक्यतो वजनावर मोजा. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, त्यामुळे एकदा लिटर एकदा किलो असं केलंत तर तीन टक्क्यांची चूक तिथेच झाली, आणि आपण जो फरक शोधतोय तोच मुळात तीन-चार टक्क्यांचा आहे.

पायरी ३: महिन्याच्या मोजणीवरून पूर्ण वेताचं दूध

रोज मोजायची गरज नाही. दोन मोजण्यांची सरासरी गुणिले मधले दिवस, बस. समजा गाय व्याल्यावर २० व्या दिवशी २२ किलो, ५० व्या दिवशी २६ आणि ८० व्या दिवशी २५ किलो मिळालं. पहिल्या २० दिवसांचं २० गुणिले २२ म्हणजे ४४०. पुढच्या ३० दिवसांचं २२ आणि २६ ची सरासरी २४, गुणिले ३०, म्हणजे ७२०. त्यापुढच्या ३० दिवसांचं २५.५ गुणिले ३०, म्हणजे ७६५. ८० दिवसांत एकूण १,९२५ किलो. असंच ३०५ दिवसांपर्यंत न्यायचं. जगभरात दुधाच्या नोंदी ठेवणाऱ्या बऱ्याच संस्था याच पद्धतीने बेरीज करतात.

३०५ लाच का थांबायचं, तर एक गाय ४०० दिवस दूध देत राहिली आणि दुसरी २९० मध्ये आटवली तर त्यांची तुलना कशी करणार? ४०० दिवसवालीचे पहिले ३०५ च धरा. गाय स्वतःहून २७० ला आटली असेल तर ते तिचं खरं दूध, तसंच लिहा. आजारपणामुळे वेत मध्येच तुटलं असेल तर ती ओळ हिशोबातून बाजूला ठेवा.

फॅटमध्ये बराच फरक असेल तर ४ टक्के फॅटच्या दुधात बदलून घेतलेलं बरं. सूत्र जुनं आहे, १९२८ पासूनचं, अजून चालतं: दूध गुणिले ०.४, अधिक फॅटचे किलो गुणिले १५. ५,००० किलो दूध ३.६ फॅटचं असेल तर फॅट १८० किलो, म्हणजे २,००० अधिक २,७००, ४,७०० किलो.

पायरी ४: आटवण्याचा विचार न करता बेस आकडा

म्हणजे ही गाय नेहमीसारखी ६० दिवस आटवली तर पुढच्या वेताला किती देईल. इथे सगळ्यात सोपी आणि सगळ्यात नेहमीची चूक अशी की गेल्या वेताला ५,४०० दिलं म्हणजे पुढेही ५,४०० देणार. तसं होत नाही. गेल्या वेताच्या आकड्यात गायीचा स्वतःचा दम असतो तसा नशिबाचाही भाग असतो, त्या वर्षी चारा चांगला होता, आजार आला नाही, हवामान बरं होतं. पुढच्या वेताला तो नशिबाचा भाग परत येईलच असं नाही. एका वेतातलं दूध पुढच्या वेतात साधारण निम्म्याने टिकतं, याला रिपीटॅबिलिटी म्हणतात आणि दुधासाठी ती ०.५ च्या आसपास धरतात.

मग हिशोब असा: त्याच वेताच्या बाकी गायींपेक्षा ही किती वर किंवा खाली होती ते काढा, त्याचं निम्मं करा, आणि ते पुढच्या वेताच्या आपल्या गोठ्यातल्या सरासरीत मिळवा.

दोन गायी घेऊ, पुढेही याच दोघी वापरू.

पहिली तरुण, पहिलं वेत संपत आलंय. गोठ्यात पहिल्या वेताची सरासरी ४,०००, दुसऱ्याची ४,६००. हिने पहिल्या वेताला ४,६०० दिलं, म्हणजे ६०० वर. निम्मं ३००. बेस आकडा ४,९००.

दुसरी जुनी, तिसरं वेत चालू. तिसऱ्याची सरासरी ४,८००, चौथ्याची ४,९००. हिने ५,४०० दिलं, ६०० वर, निम्मं ३००. बेस ५,२००. गेल्या वेताचं ५,४०० आणि अंदाज ५,२०० बघून बऱ्याच जणांना वाटतं हिशोब चुकला. चुकला नाही, असंच होतं, आणि पुढच्या वेताला दूध थोडं कमी आलं की आपण आटवण्याला दोष देतो तो निम्मा वेळ याच कारणाने उगाच देतो.

गायीची दोन-तीन वेतं वहीत असतील तर सगळी वापरा. तिच्या वरखालीची सरासरी काढायची, आणि मग निम्म्याऐवजी दोन वेतांना दोन तृतीयांश, तीन वेतांना तीन चतुर्थांश धरायचं. जितकी जास्त वेतं तितका भरवसा जास्त, म्हणून हिस्सा वाढतो.

पायरी ५: आटवण्याच्या दिवसांची वजावट

सुरुवातीला हे आकडे धरा, नंतर स्वतःच्या वहीतून सुधारायचे. ६० दिवसांना शंभर टक्के. ४५ ते ५५ ला एखाद-दोन टक्के कमी किंवा काहीच नाही. ३० ते ३५ ला जुन्या गायीत ३ ते ५ टक्के कमी, पण पहिल्या वेतातून दुसऱ्यात जाणाऱ्या तरुण गायीत ६ ते ९ टक्के. आटवलीच नाही, विण्यापर्यंत धार काढत राहिलात, तर १५ ते २५ टक्के कमी. ७५-८० च्या वर दिवस गेले तर वाढ शून्य.

तरुण गायीचं नुकसान जास्त का, तर तिची कास अजून वाढतेय. तिला नुसत्या जुन्या पेशी बदलायच्या नसतात, नव्यांची भर घालायची असते, आणि तिचं स्वतःचं शरीरही वाढत असतं. म्हणून एकच नियम सगळ्या गोठ्याला लावू नका असं मी जो भेटेल त्याला सांगतो. जुन्या गायीला ४० दिवस चालून जातील, पहिलारूला पूर्ण ६० द्या.

पायरी ६: दोन्ही बाजूंचं दूध एका पानावर

पुढच्या वेतात काय गेलं तेवढंच बघितलं तर ६० दिवस कायम जिंकणार. पण २५ दिवस कमी आटवली म्हणजे ते २५ दिवस धार चालू होती, ते दूध कुठे गेलं? तेही मोजा. आणि मोजताना आजच्या दुधावर मोजू नका, शेवटच्या महिन्यांत दूध उतरत असतं.

तरुण गाय: ६० दिवस बाकी असताना ९ किलो, ३५ बाकी असताना ५ वर येईल, सरासरी ७. गुणिले २५ म्हणजे १७५ किलो जास्तीचं. पुढच्या वेतात ४,९०० चे ७ टक्के म्हणजे ३४३ गेले. निव्वळ १६८ किलो तोटा.

जुनी गाय: १४ वरून १० वर, सरासरी १२, गुणिले २५ म्हणजे ३००. पुढच्या वेतात ५,२०० चे ४ टक्के म्हणजे २०८ गेले. निव्वळ ९२ किलो फायदा.

एकच निर्णय, एकीत तोटा एकीत फायदा. उत्तर बदलतं ते दोनच गोष्टींनी, गायीचं वय आणि शेवटच्या दोन महिन्यांत ती किती दूध देतेय. जी गाय ६० दिवस आधीच ४-५ किलोवर आलीय तिला लवकर आटवण्यात काहीच गमवत नाही. जी १५-१६ देतेय तिला झटक्यात बंद करणं तसंही धोक्याचं, कारण जास्त दुधावर बंद केलेल्या कासेत सडाची भोकं उशिरा बंद होतात, दूध गळतं आणि जंतू आत जातात. अशा गायीला आधी आठवडाभर खुराक कमी करून, धारा कमी करून दूध खाली आणायचं आणि मगच बंद करायचं.

अजिबात न आटवण्याचाही हिशोब घालून बघा: जुन्या गायीत ६० दिवस सरासरी ९ किलो म्हणजे ५४० मिळाले, पण ५,२०० चे २० टक्के म्हणजे १,०४० गेले. ५०० किलोचा खड्डा. न आटवलेल्या गायी व्याल्यावर खंगत नाहीत, किटोसिस कमी होतो, माजावर लवकर येतात, हे अगदी खरं आहे, पण त्यामागचं मोठं कारण हेच की त्या दूधच कमी देतात. शिवाय चीक पातळ होतो आणि वासराला त्यातून मिळणारं संरक्षण कमी पडतं. वासराचं नुकसान दुधाच्या वहीत दिसत नाही म्हणून ते नाहीच असं समजू नका.

शेवटी सगळं दूध दोन वेतांमधल्या दिवसांनी भागा. एक गाय १३ महिन्यांनी व्यायते आणि दुसरी १६ महिन्यांनी, तर नुसत्या एकूण आकड्याची तुलना फसवी, दिवसाला किती पडलं ते खरं.

पायरी ७: स्वतःच्या वहीतून आकडा काढताना फसू नका

आता मला ज्यासाठी एवढं सगळं लिहायचं होतं तो भाग. चार-पाच वर्षांच्या नोंदी झाल्या की माणूस साहजिकच काय करतो, ४० दिवस आटवलेल्या गायी एका बाजूला, ६० वाल्या दुसऱ्या बाजूला, दोन्हीची सरासरी, झालं. आणि बऱ्याचदा दिसतं की ४० वाल्यांनीच जास्त दूध दिलं! मग तो सगळ्यांना सांगत सुटतो की आटवायची काही गरज नाही.

यात गडबड अशी की कोणती गाय किती दिवस आटवायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नसतं, तुम्हीच ठरवलेलं असतं. जास्त दूध देणारीची धार उशिरा बंद होते कारण बंद करायला जीव होत नाही. कमी दूधवाली आपोआप लवकर आटते. म्हणजे ४० च्या गटात मुळातच चांगल्या गायी गोळा झाल्या. त्यांनी जास्त दूध दिलं ते ४० दिवसांमुळे नव्हे, ४० दिवस असूनही दिलं.

आकडे घालून बघू. समजा ३० गायी. १० गायी ४० दिवसवाल्या, गेल्या वेताची सरासरी ५,४००, पुढच्या वेताची ५,१००. २० गायी ६० दिवसवाल्या, गेल्या वेताची ४,५००, पुढच्या वेताची ४,८००. नुसतं पुढचं वेत बघितलं तर ४० वाल्या ३०० किलोने पुढे. आता पायरी ४ लावा. सगळ्या गोठ्याची गेल्या वेताची सरासरी ४,८००, पुढच्या वेताची ४,९००. ४० वाल्या ६०० ने वर होत्या, निम्मं ३००, त्यांच्याकडून अपेक्षा ५,२००. मिळाले ५,१००, म्हणजे १०० कमी. ६० वाल्या ३०० ने खाली होत्या, निम्मं १५०, अपेक्षा ४,७५०. मिळाले ४,८००, म्हणजे ५० जास्त. खरा फरक १५० किलो, आणि तोही ६० दिवसांच्या बाजूने! वही तीच, गायी त्याच, पण उत्तर बरोबर उलटं झालं.

काहीजण याच्यापुढे जाऊन दुसरी चूक करतात, प्रत्येक गायीचं पुढचं वजा मागचं करतात. ४० वाल्यांचं ३०० ने घटलं, ६० वाल्यांचं ३०० ने वाढलं, म्हणजे फरक ६०० चा! हेही खोटं, कारण चांगल्या गायी थोड्या खाली येणार आणि कमकुवत थोड्या वर जाणार हे आटवण्याशिवायही होणारच होतं. म्हणून अपेक्षेशीच तुलना करायची, मागच्या वेताशी नाही.

तसंच खूप कमी भरलेले दिवस, १५-२०-२५ वाले, यात जुळी, गाभ टाकलेल्या आणि आजारी गायी जास्त असतात. त्यांना दूध कमी येतं ते वार अडकल्यामुळे आणि तापामुळेही, नुसतं दिवस कमी पडल्यामुळे नाही. शेऱ्याचा कॉलम बघून या ओळी वेगळ्या काढा. आणि १००-१२० दिवस भाकड राहिलेल्या बऱ्याचशा उशिरा गाभण राहिलेल्या, लठ्ठ झालेल्या गायी असतात, त्याही तशाच वेगळ्या ठेवा. या दोन टोकांवरून मधल्या दिवसांचा निष्कर्ष काढायचा नाही.

दहा गायींच्या गोठ्यात स्वतःचा आकडा काढायचा हट्ट नको, तेवढ्या गायींत नशीबच जास्त बोलतं. पायरी ५ चे आकडे वापरा आणि नोंदी करत राहा. ओळखीचे तीन-चार गोठे मिळून एकाच पद्धतीने लिहिलंत तर बघता बघता ६०-७० ओळी होतात, तेव्हा बघू. आणि खरंच खात्री करायची असेल तर पुढच्या वर्षी जुन्या निरोगी गायींत एक आड एक, एक ४० ला एक ६० ला, दूध न बघता ठरवून टाका. हे जमवणं अवघड आहे मला माहितीये, पण अशा १०-१२ जोड्या दहा वर्षांच्या वहीपेक्षा जास्त शिकवून जातात.

पायरी ८: समोरच्या गायीकडे बघून आकडा हलवा

ऊन. भाकड काळात उन्हात तळलेली गाय पुढच्या वेताला दूध कमी देते, कारण नव्या पेशी तयार व्हायच्या वेळेलाच तिने खाणं सोडलेलं असतं आणि कासेची वाढ मंदावलेली असते. भाकड गाय दूध देत नाही म्हणून तिला गोठ्याच्या कडेला, पत्र्याखाली बांधायचं ही फार वाईट सवय आहे. सावली, पंखा, पाणी अंगावर, हे दुभत्या गायीइतकंच तिला द्या. ते देता येत नसेल तर दिवस कितीही मोजून दिलेत तरी बेस आकडा खाली आणा.

अंग. गाय किती भरलेली आहे याला पाचपैकी गुण देतात (१ म्हणजे हाडं दिसणारी, ५ म्हणजे लठ्ठ). ३ ते ३.५ वर आटवावी आणि तेवढ्यावरच व्यायला पाहिजे. भाकड काळात बारीक करायची नाही आणि लठ्ठही करायची नाही. आटवतानाच ४ च्या वर असेल तर तिला मोठा भाकड काळ देऊन काही मिळत नाही, अशा गायीला ४५ दिवस बरे.

कास. आटवण्याआधी प्रत्येक सडाची पॅडल टेस्ट (दुधात द्रावण मिसळून कासदाह ओळखायची चाचणी) करा. सोमॅटिक सेल (कासेला सूज असली की दुधात वाढणाऱ्या पेशी) मिलिलीटरला दोन लाखांच्या वर असतील तर डॉक्टरांना विचारून सडात भाकड काळाची औषधाची ट्यूब सोडायची की नाही ते ठरवा. आणि इथे भाकड दिवस कमी करणाऱ्यांसाठी महत्त्वाची गोष्ट: त्या ट्यूबवर किमान किती दिवस भाकड ठेवायची आणि व्याल्यावर किती दिवस दूध वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं. ते दिवस तुमच्या ठरवलेल्या दिवसांपेक्षा जास्त असतील तर ती ट्यूब चालणार नाही, दुधात औषध उतरतं. गाय ठरल्यापेक्षा आधी व्याली तरी हाच प्रश्न येतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते दूध पुढे पाठवायचं नाही.

पायरी ९: एकूण आकड्याचे महिने करा

४,९०० किलो हे ऐकायला बरं पण चाऱ्याचं नियोजन महिन्यावर चालतं. यासाठी १९६७ मध्ये वुड यांनी मांडलेलं सूत्र अजूनही पुरतं: दूध बरोबर ए, गुणिले दिवसाचा बी घात, गुणिले ई (गणितातला ठरलेला आकडा, सुमारे २.७१८) चा उणे सी गुणिले दिवस घात. एक्सेलमध्ये एका ओळीत बसतं. ए म्हणजे सुरुवात, बी म्हणजे चढ, सी म्हणजे उतार, आणि सगळ्यात जास्त दूध बी भागिले सी इतक्याव्या दिवशी येतं. ए १५, बी ०.२, सी ०.००४ घेतलं तर १० व्या दिवशी सुमारे २२.८ किलो, ५० व्या दिवशी २६.९ चा पीक (म्हणजे दुधाचं शिखर), १५० व्या दिवशी २२.४ आणि ३०० व्या दिवशी १४.१. ३०५ दिवसांची बेरीज साधारण ६,५०० किलो. तुमचा अंदाज ४,९०० असेल तर बी आणि सी तसेच ठेवून ए त्याच प्रमाणात कमी करा, म्हणजे सुमारे ११.३.

कमी आटवलेल्या गायीत घट मुख्यतः सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत, पीकला दिसते. न आटवलेलीत तर पीक खूपच बुटका असतो आणि नंतरचा उतारही कमी असतो, त्यामुळे तिला नेहमीचा वक्र नुसता खाली सरकवून लावू नका, बी कमी करा.

पायरी १०: व्याल्यावर लगेच ताडून बघा

पहिल्या दोन मोजण्या आल्या की वक्रावरचा आकडा आणि खरा आकडा शेजारी लिहा. दोन्ही मोजण्या १० टक्के खाली असतील तर उरलेल्या वेताचा अंदाजही खाली आणा. एकच मोजणी खाली असेल तर घाई नको, त्या दिवशी गाय माजावर असेल, पाणी कमी पडलं असेल. आणि प्रत्येक वेत संपलं की अंदाज वजा खरं दूध हा फरक नव्या कॉलममध्ये, चिन्हासकट. वर्षाअखेरीला त्या कॉलमची दोनदा सरासरी काढायची, एकदा चिन्हासकट, एकदा चिन्ह सोडून. चिन्हासकटची शून्याजवळ आली तर तुमची पद्धत एका बाजूला झुकलेली नाही. ती सतत अधिक येत असेल तर तुम्ही गोठ्याची सरासरी जास्त धरताय. ३०-४० दिवसवाल्यांतच अधिक आणि बाकीच्यांत शून्य येत असेल तर पायरी ५ मधली तुमची वजावट कमी पडतेय, ४ ची ५ करा. चिन्ह सोडून काढलेली सरासरी तुमच्या अंदाजाची नेहमीची चूक सांगते, आणि एखाद्या गायीत फायदा-तोटा ५० किलोचाच निघतोय पण नेहमीची चूक ४०० ची असेल तर तिच्यासाठी दुधाच्या हिशोबावर निर्णय घेऊ नका, कास, अंग आणि वय बघून ठरवा.